साधे पडसे की फ्लू?

पावसाळा लागला की वसतिगृहात शिंकांचे सत्र सुरू होते आणि ‘साधे पडसे आहे, उतरेल’ असे म्हणून आपण निर्धास्त होतो. बहुधा ते खरेही ठरते. परंतु पडशासारखाच भासणारा दुसरा आजार, इन्फ्लुएंझा अर्थात फ्लू, त्याच दिवसांत फिरत असतो. घरात दोन-तीन मुले असतात. वसतिगृहाच्या एका दालनात अनेक मुले शेजारी-शेजारी निजतात. म्हणूनच या दोहोंतील भेद निवासी शाळेशी संबंधित प्रत्येकाने जाणून घ्यायला हवा.

पडसे दोनशेहून अधिक विषाणूंमुळे होऊ शकते. ते हळूहळू चढते. आधी घसा खवखवतो, मग नाक वाहते किंवा चोंदते, शिंका येतात. ताप बहुधा नसतो, असला तरी किरकोळ. मूल कुरकुरते, पण जेवते, खेळते आणि साधारण आठ-दहा दिवसांत बरे होते.

फ्लूची चाल निराळी आहे. दुपारी मैदानावर धावणारे मूल सायंकाळी अंथरूण धरते. हुडहुडी भरून १०१ ते १०३ अंश फॅरनहाइट किंवा त्याहूनही अधिक ताप चढतो. डोके, पाठ, पिंढऱ्या ठणकतात. कोरडा खोकला येतो आणि उठून बसण्याचेही त्राण उरत नाही. लहान मुलांना उलट्या-जुलाबही होतात. ताप सामान्यतः तीन ते पाच दिवस राहतो. खोकला व थकवा मात्र दोन आठवडेही रेंगाळतात. थोडक्यात, पडसे नाकात मुक्काम करते, फ्लू सर्वांगाला घेरतो.

तथापि लक्षणांवरून पूर्ण खात्री होत नाही; करोनाचा आरंभही असाच असू शकतो. निश्चित निदान नाक-घशातील स्रावाच्या तपासणीनेच होते. मात्र त्या अहवालाची वाट पाहत बसू नये. विषाणूचे नाव नंतर कळले तरी चालेल. मुलाची अवस्था आधी कळली पाहिजे.

२००९ साली स्वाइन फ्लूच्या साथीत भारतातील पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला, तो एका शाळकरी मुलीचा. त्यानंतर शहरातील शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. फ्लू केवळ वृद्धांनाच गाठतो, हा समज त्या ऑगस्ट महिन्याने खोडून काढला.

यात वेळेला मोल आहे. फ्लूवरील ऑसेल्टामिविर हे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत दिल्यास अधिक गुणकारी ठरते. ते कोणाला द्यावे, हे डॉक्टरच ठरवतील. पण दमा, हृदयविकार किंवा विदर्भात अनेक कुटुंबांत आढळणारा सिकलसेल असलेल्या मुलाबाबत एक दिवसही दवडू नये. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. तापावर मुलांना अ‍ॅस्पिरिन कदापि देऊ नये. त्यातून मेंदू व यकृताला गंभीर इजा संभवते.

श्वास जलद होणे, बरगड्यांखाली खळगा पडणे, ओठ निळसर होणे, पाणीही न पिणे, गुंगी येणे, अथवा उतरलेला ताप पुन्हा उसळणे, यांपैकी एकही चिन्ह दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस फ्लू इतरांना लागू शकतो. त्यामुळे आजारी मुलाची खोली, पेला व टॉवेल वेगळे असावेत, खिडक्या उघड्या असाव्यात. औषधाविना ताप उतरून २४ तास होईपर्यंत त्याला वर्गात पाठवू नये. दरवर्षी घ्यावयाच्या लसीविषयीही डॉक्टरांना विचारावे.

परीक्षा बुडेल, सहल हुकेल, आई काळजी करेल, या भीतीने वसतिगृहातील मूल पुष्कळदा दुखणे लपवते. म्हणून पालकांनी फोनवर ‘बरा आहेस ना?’ एवढ्यावर थांबू नये. ‘केव्हापासून? ताप मोजला का? अंग दुखते का? आज काय खाल्लेस? चालताना दम लागतो का?’ असे नेमके विचारावे आणि उत्तर खटकले तर तत्क्षणी अधीक्षकांना कळवावे. मुलाला दुखणे सांगण्याचे भय वाटू नये, एवढे आपण साधले तरी अर्धी साथ दारातच थोपवता येईल.