संधिगत वात आणि स्टेरॉईडची गोळी : बंद करण्यापूर्वी विचारा

सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत वाकून, उकिडवे बसून केलेल्या श्रमांनी गुडघ्याची जुनी वेदना उफाळते. वाशीम, रिसोड, मानोरा या भागांतील असा रुग्ण वैद्याकडे येतो, तेव्हा तो आधीच एखादी बारीक गोळी किंवा नाव नसलेली पुडी घेत असण्याचा संभव असतो. दोन दिवसांत चमत्कारिक आराम, वाढलेली भूक, सुजट गोल चेहरा, सहज उमटणारे काळेनिळे डाग, अकस्मात वाढलेली रक्तशर्करा ही लक्षणे दिसल्यास स्टेरॉईडची शंका घ्यावी.

स्टेरॉईडने आराम पडतो, हे नाकारण्याचे कारण नाही. हाताच्या बोटांच्या शोथयुक्त संधिगत वातावर नेदरलँड्समध्ये ९२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज १० मि.ग्रॅ. प्रेडनिसोलोन ६ आठवडे दिल्याने वेदना कमी झाली. परंतु औषध थांबल्यावर तो लाभ टिकला नाही. झिजलेली कूर्चा याने भरून येत नाही. दीर्घ सेवनाने अस्थिक्षय मात्र होतो.

येथे वैद्यबंधूंनी एका गोष्टीचे विशेष भान ठेवावे. ‘आजपासून इतर सर्व औषधे बंद’ हा सल्ला अशा रुग्णास घातक ठरू शकतो. सुमारे ३ आठवड्यांहून अधिक काळ स्टेरॉईड पोटात गेल्यास ॲड्रिनल ग्रंथींचे स्वतःचे कार्य मंदावते. औषध एकाएकी थांबवल्यास ग्लानी, वांत्या, रक्तदाब घसरणे, प्रसंगी मूर्च्छा येऊन प्राणावर बेतते. गोळीचा आकार पाहून फसू नये; डेक्सामेथासोनचे ०.७५ मि.ग्रॅ. हे प्रेडनिसोलोनच्या सुमारे ५ मि.ग्रॅ. इतके प्रभावी असते.

म्हणून प्रथम रुग्णाकडील सर्व गोळ्या, पुड्या मागवून पाहाव्यात, रक्तदाब व शर्करा तपासावी आणि मात्रा क्रमाने उतरवण्यासाठी रुग्णास फिजिशियनकडे पाठवावे. दरम्यान आमवात नाही याची खात्री करून स्नेहन, स्वेदन, जानुबस्ती, वजन घटवणे व मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सुरू करता येतात.

औषध विक्रेत्यांचे कर्तव्यही तितकेच मोठे आहे. प्रेडनिसोलोन शेड्यूल एच मधील औषध आहे; चिठ्ठीविना ते देऊ नये. घटकद्रव्ये, परवाना क्रमांक व बॅच क्रमांक नसलेली ‘वाताची पुडी’ दुकानात ठेवू नये. तीत दडलेल्या स्टेरॉईडचा दोष अखेरीस आयुर्वेदाच्याच माथी येतो, आणि हानी मात्र रुग्णाला सोसावी लागते.