मुरड की साचा?

विटा आणि आसपासच्या खानापूर-आटपाडी भागातली असंख्य कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायात आहेत. त्यांची दुकाने केरळ-तामिळनाडूपासून दिल्ली-कोलकात्यापर्यंत पसरलेली. दिवाळीला कुणाला गावी यायला जमते, कुणाला नाही. जो येतो त्याच्या परतीच्या सामानात फराळाचे डबे असतात, जो येत नाही त्याचा डबा कुणाच्या तरी हाती जातो. अशा डब्यातल्या करंजीकडून पहिली अपेक्षा टिकण्याची. प्रवासभर हादरे खाऊन तिने तोंड उघडू नये आणि आठवडा उलटला तरी मऊ पडू नये.

आणि तोंडावरूनच तर वाद आहे. हातची करंजी म्हणजे मुरडीची: सारण भरून पारी दुमडायची आणि कड अंगठ्याने थोडी थोडी आत वळवत दोरीसारखा पीळ घालत जायचे. हे ज्या बाईला जमते तिच्याकडे गल्लीभरच्या करंज्या येतात. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी कातण आहे, दातेरी चाक फिरवले की कड नक्षीदार. आणि ज्यांना तेही नको त्यांच्यासाठी साचा. लाटी पसरा, चमचाभर सारण घाला, दाबा, झाले. साच्यातल्या करंज्या सगळ्या एका मापाच्या, जणू शाळेच्या गणवेशात उभ्या. जुन्या जाणत्या बायका त्या पाहून नाक मुरडतात. करंजीची नाही तर नाकाची तरी मुरड.

खरे तर कड ओली करून नीट दाबली असेल तर साच्याची करंजीही तेलात फुटत नाही. मुरडीने देखणेपणा येतो आणि कड जरा जाड, कुरकुरीत लागते. पण करंजी खुसखुशीत होते की वातड, हे कडेवर ठरत नाही. ते ठरते पारीवर, आणि पारी ठरते मोहनावर.

गव्हाच्या पिठात पाणी पडले की त्यातली प्रथिने एकमेकांना धरून चिवट जाळे विणतात. पोळीला ते हवे असते, करंजीला नको. म्हणून पाणी किंवा दूध घालण्याआधी पिठाला कडकडीत तूप चोळतात. तुपाचे पातळ आवरण बसले की पाणी सगळीकडे पोचत नाही आणि जाळे तुटक राहते. मोहन घातलेल्या पिठाचा मुटका वळला पाहिजे, ही स्वयंपाकघरातली परीक्षा नेमके तेच तपासते. घाईत मोहन कमी पडले तर पुढे कितीही सुबक मुरड घाला, करंजी दाताशी भांडणारच. उलट, पारीसाठी भिजवलेला रवा पाट्यावर कुटण्याऐवजी मिक्सरमधून फिरवून घेतला तर खाणाऱ्याला फरक कळणे अवघड. कुटण्याचा उद्देश रवा मऊ आणि एकजीव करणे एवढाच, तो हाताने साधला की यंत्राने, याची चौकशी पारी करत नाही.

साट्याच्या करंजीची गोष्ट जरा वेगळी. तूप आणि तांदळाची पिठी फेसून केलेला साटा पोळ्यांवर लावायचा, पोळ्या एकावर एक ठेवून घट्ट गुंडाळी करायची, तिचे तुकडे कापून लाट्या करायच्या. तळताना थरांमधल्या पाण्याची वाफ होते, साटा थर चिकटू देत नाही आणि पदर सुटतात. चिरोट्याचेही तंत्र हेच. यातली मधली पायरी गाळून पदर मिळत नाहीत. तयार समोशाच्या पट्ट्यांत सारण भरून त्याला साट्याची करंजी म्हणणाऱ्यांनी निदान ताटावर तसे सांगावे.

मग अस्सल कोणती? इथे आजीचे नाव निघते. पण त्या आजीच्या साट्यात पुष्कळदा डालडा असायचा, हे सोयीस्कर विसरले जाते. डालडा हिंदुस्थानात 1937 साली आला. तुपापेक्षा स्वस्त आणि ऑक्टोबरच्या उन्हाळ्यातही घट्ट राहणारा, त्यामुळे साट्याला फारच सोयीचा. त्या काळी वनस्पती तूप म्हणजे फसवणूक असे मानणारे थोडे नव्हते, गांधीजींनीही त्याविरुद्ध लिहिले होते. दोन पिढ्यांत तीच चव माहेरची चव झाली. पुढे ट्रान्स फॅटचे दुष्परिणाम समोर आले आणि जानेवारी 2022 पासून खाद्यतेल-तुपांत त्याची मर्यादा 2 टक्क्यांवर आली. म्हणजे आज एखादीने हट्टाने आजीसारखीच करंजी करायची म्हटले, तरी आजीचा तो डालडा तिला मिळणार नाही. अस्सल म्हणून आपण जे जपतो ते पुष्कळदा मागच्या पिढीने शोधलेली पळवाटच असते.

सारणातही भूगोल आहे. कोकणात ओल्या नारळाची करंजी हीच खरी, ती दोन दिवसांत संपवायची. टेंभू सिंचन योजनेचे पाणी येण्याआधी पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या खानापूरच्या माळावर नारळ कुठला? इथे सुके खोबरे, तीळ, खसखस भाजून सारण होते आणि म्हणूनच ती करंजी लांबच्या प्रवासाला जाऊ शकते. तीच तमिळ दुकानदाराला दाखवली तर तो तिला सोमासी म्हणेल, कर्नाटकात कर्जिकाई, गोव्यात नेवरी. गोव्यातली नेवरी चतुर्थीला हिंदूंकडे होते आणि नाताळात ख्रिस्ती घरांतही. एवढी नातलग मंडळी असताना एकाच गावाने मूळपणाचा दाखला मागणे जरा धाडसाचेच.

या वादात ‘रुचिरा’ या पाककृतींच्या पुस्तकाची आठवण काढावीच लागते. कमलाबाई ओगल्यांचा जन्म 1913 चा, कुंडलचा; म्हणजे किर्लोस्करवाडीच्या शेजारचा, विट्याहून फार लांब नव्हे. त्यांचे हे पुस्तक 1970 साली आले. अंदाजाने, डोळ्याने, हाताने चालणारा स्वयंपाक त्यांनी वाटी-चमच्याच्या मापात उतरवला. सासूच्या शेजारी उभे राहून पाच दिवाळ्या शिकण्याची गरज त्यामुळे बरीच कमी झाली, आणि परदेशी निघालेल्या मुलींच्या बॅगेत ते पुस्तक गेले. एका अर्थाने ही पळवाटच, पण तिला कुणी नाव ठेवले नाही, कारण तिने एकही पायरी गाळली नव्हती, फक्त ती कागदावर आणली होती.

पायरी गाळली की काय होते, ते पाहायचे तर अनारसा करावा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, मग कापडावर सावलीत पसरून ओलसर असतानाच कुटायचे, तेवढाच गूळ मळून गोळा मुरत ठेवायचा. तीन दिवसांत तांदूळ हलकेच आंबतो आणि दाणा आतून सैल होतो. म्हणून खसखशीवर थापलेला अनारसा खसखशीची बाजू वर ठेवून मंद तुपात सोडला, न उलटता झाऱ्याने तूप उडवत तळला, की जाळी पडते. झटपट कृतीत तयार पिठी, पिठीसाखर, थोडे केळे किंवा दही असते. पदार्थ गोड होतो, कुरकुरीतही होतो. पण त्याला अनारसा म्हणायला जीभ वळत नाही. साच्याची करंजी करंजीच राहते. तीन दिवस वगळलेला अनारसा मात्र दुसराच काहीतरी होतो.

बाजारात मिळणारे अनारशाचे पीठ मात्र या झटपट प्रकारांत सरसकट घालू नये. तांदूळ खरोखर तीन दिवस भिजवून कुणी ते केले असेल, तर पायऱ्या सगळ्या झाल्या, फक्त दुसऱ्याच्या घरी झाल्या. पाकिटावरून ते कळत नाही, ही खरी अडचण.

आणि या पिठाची गरज दिवाळीलाच पडते असे नाही. अधिक महिन्यात, आपल्याकडच्या बोलीत धोंड्याच्या महिन्यात, जावयाला जाळीदार पदार्थाचे वाण द्यायचे असते आणि अनारसे असतील तर ते मोजून तेहेतीस. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ. पीठ घरचे असो वा पाकिटातले, जाणत्या बायका आधी एकच अनारसा तुपात सोडून पाहतात. तो हसला, म्हणजे तुपात पसरून विस्कटला, तर गोळ्यात थोडी तांदळाची पिठी मळतात, विस्कटलेला तुकडा पोरांच्या हातावर ठेवतात आणि तेहेतीस मोजायला दुसऱ्यापासून सुरुवात करतात.