अस्पृश्यतानिवारण, वऱ्हाडातील : स्पृश्यांचा सहभाग

जन्मावरून माणसाला हीन लेखणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध, तिची झळ स्वतःला न पोहोचलेल्या व्यक्तींनी वाणीने व कृतीने केलेले साहाय्य. अमेरिका व दक्षिण आफ्रिका येथील वर्णभेदविरोधी लढ्यांत काही गौरवर्णीयही कृष्णवर्णीयांच्या बाजूने उभे राहिले. महाराष्ट्रात अशा सहभागाची उदाहरणे अस्पृश्यतानिवारणाच्या चळवळीत आढळतात. वंश व जात या संकल्पना भिन्न असल्या, तरी जन्मसिद्ध उच्चनीचता व तीतून उद्‌भवणारा बहिष्कार दोहोंत समान आहे.

वऱ्हाडात या कार्याचा एक प्रारंभबिंदू अमरावती जिल्ह्याच्या भातकुली तालुक्यातील ऋणमोचन हा होय. पूर्णा नदीकाठच्या या क्षेत्री पौष महिन्यात यात्रा भरते. परीट समाजात जन्मलेल्या गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) येथे यात्रेकरूंची सेवा केली आणि लोकवर्गणीतून घाट बांधविला. आपल्या कीर्तनांत श्रोत्यांना प्रश्न विचारून ते जातिभेदाचा फोलपणा त्यांच्याच तोंडून वदवीत. पंढरपुरास अस्पृश्य वारकऱ्यांना निवारा मिळत नसे, म्हणून त्यांनी तेथे चोखामेळा धर्मशाळा उभारली. १९४९ मध्ये ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. उभारलेल्या वास्तूचा ताबाही ज्यांच्यासाठी ती उभारली त्यांच्याच संस्थेकडे सोपविणे, हे या कार्याचे वैशिष्ट्य म्हणता येईल.

अमरावती येथील अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे, यासाठी १९२७ मध्ये चळवळ झाली. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद भरली. मंदिराच्या पंचांशी वाटाघाटी करण्यास अवधी मिळावा म्हणून सत्याग्रह त्या वेळी पुढे ढकलण्यात आला. पंजाबराव देशमुख (१८९८–१९६५) यांनी या चळवळीत पुढाकार घेतला. मंदिराचा दरवाजा त्यांना स्वतःला बंद नव्हता. तरीही त्यांनी स्वजनांचा रोष पत्करला. त्याच वर्षी त्यांनी आंतरजातीय विवाह केला. पुढे जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्यासाठी त्यांनी अधिकारपदाचा उपयोग केला.

याच काळातील महाडच्या सत्याग्रहात (१९२७) सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे व गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे आंबेडकरांचे सहकारी होते. या सर्व प्रसंगांत एक सूत्र दिसते : मागणी कोणती व लढा केव्हा, हे ठरविण्याचा अधिकार पीडितांचा, इतरांचे काम आपली प्रतिष्ठा, पद व साधने त्या कामी लावण्याचे.

भारतीय संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमास १९७६ मध्ये नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक अधिनियमात २०१५ च्या दुरुस्तीने पीडितांबरोबर साक्षीदारांच्याही हक्कांची तरतूद झाली. अन्याय पाहणारा अन्य जातीचा शेजारी साक्ष देण्यास कचरतो, कारण गावाचे पाणी, मजुरी व सोयरीक यांवर त्याचे जीवन अवलंबून असते. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने केलेला २०१६ चा अधिनियम या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मात्र कायदा साक्षीदारास संरक्षण देऊ शकतो, साक्ष देण्याची इच्छा देऊ शकत नाही. केवळ सहानुभूती व्यक्त करणाऱ्याचे काहीच खर्ची पडत नाही. पाणवठ्यावर, पंगतीत वा न्यायालयात उभे राहणाऱ्यास किंमत मोजावी लागते. सहभागाची कसोटी या किमतीतच आहे.