मैदानाचं विज्ञान (भाग ९) : पळणाऱ्याच्या हाती पोल

खापरखेड्याच्या वीज केंद्रात कोळशातली उष्णता वाफेत जाते, वाफ टर्बाइन फिरवते आणि मग कुठे वीज होते. प्रत्येक टप्प्यावर थोडं निसटतंच. पोल व्हॉल्टमध्ये कोळशाच्या जागी असते खेळाडूची धाव. हा वेग पोलच्या वाकण्यात साठतो आणि पोल सरळ होताना उंचीच्या रूपाने परत मिळतो.

हिशेब शाळेतल्याच सूत्राचा आहे. सेकंदाला ९ मीटर वेगाने पळणाऱ्याची सगळी ऊर्जा उंचीत गेली, तर तो सुमारे ४.१ मीटर वर जाईल. शरीराचा गुरुत्वमध्य मुळातच जमिनीपासून साधारण एक मीटरवर असतो, तो धरला की झाले पाच मीटर. वेग १० वर नेला तर आणखी जवळजवळ एक मीटर पदरात पडतो. थोडं ऊर्जेच्या गळतीत जातं, थोडं हातांच्या आणि खांद्यांच्या जोरावर वसूल होतं.

म्हणूनच पोल व्हॉल्टर देव मीणाची सुरुवात मला अगदी रास्त वाटते. २००५ साली जन्मलेला हा पोरगा मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्याचा, शेतकऱ्याच्या घरचा. आधी तो पळायचा. भोपाळच्या क्रीडा अकादमीत प्रशिक्षक घनश्याम यादव यांनी त्याच्या हाती पोल दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये उत्तराखंडच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत त्याने ५.३२ मीटरची उडी मारली आणि तमिळनाडूच्या सुब्रमणी शिवाचा २०२२ मधला ५.३१ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. एप्रिलमध्ये कोचीला ५.३५, जुलैमध्ये जर्मनीतल्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत ५.४०. एकाच वर्षात तीनदा!

नुसत्या पळण्याने मात्र हे होत नाही. धावपट्टी संपते तिथे जमिनीत एक उतरती पेटी असते, मागच्या टोकाला जेमतेम २० सेंटिमीटर खोल. भरधाव येताना पोलचं टोक त्या पेटीत नेमकं बसवायचं आणि पाय सुटण्याआधी वरचा हात डोक्यावर पूर्ण ताणलेला हवा. हात खाली राहिला की धक्का थेट खांद्याला बसतो. नवख्या पोरांचे पाय इथेच लटपटतात.

शिवाय एका पोलवर भागत नाही. प्रत्येक पोलवर त्याची लांबी आणि तो किती वजनाच्या खेळाडूसाठी आहे, हे छापलेलं असतं. सवय नसलेल्याला ताठ पोल दिला तर तो वाकतच नाही आणि खेळाडू मागे धावपट्टीवर आपटतो. वेग वाढला आणि पोल जुनाच मऊ राहिला, तर तो जास्त वाकतो, प्रसंगी मोडतो. म्हणजे खेळाडू सुधारेल तसतसे पोल बदलायचे. जाड गादी लागते ती वेगळीच. जगज्जेत्या डुप्लांटिसच्या लहानपणी घराच्या परसातच उडीची सोय होती, वडील स्वतः पोल व्हॉल्टर. आशियात सहा मीटर गाठणाऱ्या फिलिपिन्सच्या ओबिएनाचे वडीलही त्याच खेळातले. माझ्या मते या खेळात पहिली पाच वर्षं गुणापेक्षा सामानाची असतात.

आणि हे सामान न्यायचं कसं? पाच मीटरच्या पोलची घडी होत नाही. जानेवारी २०२६ मध्ये देव आणि त्याचा सहकारी कुलदीप यादव यांना पोलवरूनच पनवेल स्थानकावर रेल्वेतून उतरवलं होतं. काही तास ताटकळून, दंड भरून मग दुसरी गाडी मिळाली. राष्ट्रीय विक्रमवीराची ही गत, तर जिल्ह्याच्या पोराने काय करावं!

आपल्या सावनेरकडून नागपूरला जाताना कोराडी रस्त्यावर मानकापूरचं क्रीडा संकुल लागतं. सावनेर तालुक्यातली पळणारी पोरं तिथे सरावाला जाऊ शकतात. त्यांच्यातल्या एखाद्याला तेराव्या-चौदाव्या वर्षी मऊ पोल मिळाला, तर वेगाचा वरचा हिशेब त्यालाही लागू पडतो.

पुढच्या आठवड्यात : तिहेरी उडीतली मधली उडी सर्वांत अवघड का?