तळहातावर मावणारे देव

फ्लॉरेन्सच्या रस्त्यात एका पोराच्या गळ्यातला खडा निकोलो निकोलीने पाहिला आणि तो थबकला. निकोली म्हणजे जुन्या वस्तूंचा पक्का पारखी. त्याने पोराला बापाचं नाव विचारलं, निरोप धाडला आणि पाच फ्लोरिन मोजून खडा घेतला. दुपटीहून जास्त पैसे मिळाले म्हणून बाप खूश! खड्यावर होता ट्रॉयहून अथेनाची मूर्ती पळवणारा वीर डायोमिडीझ. पुढे एका बड्या धर्माधिकाऱ्याने त्याच खड्याचे दोनशे डुकाट दिले. मग तो पोप पॉल दुसरा यांच्याकडे आणि शेवटी लोरेन्झो दे मेदिचीकडे गेला. मूळ खडा आज हरवलेला आहे, पण त्यावरचं चित्र आपल्याला ठाऊक आहे. कारण त्याच्या ब्राँझमध्ये ओतलेल्या प्रती उरल्या.

या प्रती म्हणजेच प्लॅकेट. पंधराव्या शतकात इटलीत रुजलेली छोटी उठावचित्रं, बहुतेक तळहातावर मावणारी. पदकाला दोन चेहरे असतात, प्लॅकेटला एकच, पाठ कोरी.

पॉल दुसरा यांना कोरीव रत्नांचं भारी वेड. खड्याचा ठसा घ्यायचा, मेणात उतरवायचा, साच्यात ब्राँझ ओतायचं, की एकाच माणसाच्या तिजोरीतला हर्क्युलिस दहा जणांच्या टेबलावर! छापखान्याने पुस्तकांचं जे केलं, तेच या ओताऱ्यांनी रोमच्या रत्नांचं केलं, असं मला मनापासून वाटतं.

प्रतीवरून प्रत काढली की एक गंमत होते. ब्राँझ थंड होताना किंचित आकसतं, त्यामुळे प्रत्येक पिढीत चित्र जरासं लहान होतं आणि नाकडोळे बोथट होतात. मोजपट्टी लावून कुठली प्रत आधीची याचा अंदाज बांधता येतो.

सगळ्यांत गाजला तो ‘निरोचा शिक्का’. लाल अकीकावर वीणा घेतलेला अपोलो आणि झाडाला बांधलेला, त्याच्याशी संगीतस्पर्धेत हरलेला मार्सियास. शिल्पकार गिबर्टीने या खड्याला सोन्याचं कोंदण केलं, त्यावर रोमन सम्राट निरोचं नाव घातलं आणि ते नाव कितीतरी प्लॅकेटवरही उमटलं. चित्रकार बोत्तिचेल्लीच्या फ्रँकफर्टमधल्या एका चित्रात तरुणीच्या गळ्यात हेच दृश्य लटकतंय. मूळ खडा नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

व्हेरोनाचा सोनार गालेआत्झो मोंदेल्ला स्वतःला ‘मोदेर्नो’ म्हणवून घ्यायचा. १५०६ साली रोममध्ये जमिनीखालून सापांच्या विळख्यात तडफडणाऱ्या लाओकून या पुरोहिताचं शिल्प निघालं आणि कलावंत वेडावले. मोदेर्नोने तर फटके खाणाऱ्या ख्रिस्तालाच लाओकूनची पिळवटलेली देहयष्टी दिली! चांदीतली ती प्रत व्हिएन्नात आहे. ग्रीक पुराणातल्या पुरोहिताच्या वेदना ख्रिस्ताच्या अंगात इतक्या सहज उतरतात, की मला या सगळ्या छोट्या कामांत तेच सर्वांत थोर वाटतं.

शिल्पकार लेओने लेओनीची कहाणी तर सिनेमाला शोभेल. पोपच्या जवाहिऱ्यावर हल्ला केला म्हणून त्याला वल्ह्यांच्या जहाजावर धाडलं गेलं. १५४१च्या सुमारास नौसेनापती आंद्रेआ दोरियाने त्याची सुटका केली. लेओनीने उपकार फेडले ते ब्राँझमधून: दोरियाचा सागरविजय दाखवणारं प्लॅकेट घडवलं, आणि दोरियाच्या पदकाच्या मागच्या बाजूला स्वतःचाच चेहरा, भोवती बेड्यांचं कडं!

ही चित्रं फक्त पाहायला नव्हती. ती दौतींवर बसली, तलवारीच्या मुठीच्या टोकाला लागली, टोपीवर मिरवली. न्यूरेंबर्गच्या पीटर फ्लोटनरची शिशाची प्लॅकेट तर सोनारांना नमुने म्हणून उपयोगी पडत. पुस्तकांच्या चामडी बांधणीवरही असेच उठाव आले. रथ हाकणारा अपोलो आणि खडकावरचा पेगॅसस अशी मोहोर असलेली पुस्तकं बराच काळ कानेव्हारी नावाच्या वैद्याची समजली जात. अभ्यासक अँथनी हॉब्सन यांनी १९७५ साली दाखवून दिलं, की ती जिनोव्हाच्या जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रिमाल्दीची होती.