पालीच्या रस्त्यावर टायरची परीक्षा

बीड शहरातून सोलापूरच्या दिशेने निघालेली मोटार काही मिनिटांतच पाली गावाजवळ येते. एका अंगाला बिंदुसरा प्रकल्पाचा जलाशय, समोर बालाघाटची डोंगररांग आणि पुढे मांजरसुंब्याचा घाट. धुळे-सोलापूर महामार्ग चौपदरी झाल्यापासून या पट्ट्यात मोटारींचा वेग चांगलाच वाढला आहे. वेगवान मोटारीच्या टायरची परीक्षा घ्यायची तर यापेक्षा सोयीची जागा शोधूनही सापडणार नाही. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारा पारा, घाटातील चढ-उतार व वळणे, पावसाळ्यात रस्त्यावरून वाहणारे पाणी आणि महामार्ग सोडून गावाकडे वळले की भेटीला येणारे खड्डे, हे सारे तासाभराच्या प्रवासात अनुभवता येते. याच जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या बोलीत 'टायर' म्हणजे रबरी चाकांची बैलगाडी. हंगामात ती गाडी आणि दीडशेच्या वेगाची हौस असलेली मोटार एकाच रस्त्यावर येतात, हेही टायर निवडताना विसरता येत नाही.

स्पोर्ट्स कार किंवा तिच्या जवळ जाणारी शक्तिशाली सेडान घेणारा ग्राहक इंजिनाची अश्वशक्ती तोंडपाठ सांगतो. टायरचा विषय निघाला की मात्र 'सर्वांत रुंद आणि सर्वांत महाग' एवढ्यावर त्याची निवड थांबते. वास्तविक मोटारीची सारी ताकद रस्त्यापर्यंत पोहोचते ती चार लहानशा ठशांतून. दीड टन वजनाच्या मोटारीच्या प्रत्येक चाकावर सुमारे पावणेचारशे किलोचा भार येतो. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा असेल, तर रस्त्याला टेकलेला भाग साधारण १६५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे बोटांसकट हाताच्या पंजाएवढा भरतो. टायर रुंद केल्याने हा ठसा दुप्पट होत नाही. वजन आणि हवेचा दाब तेच राहिले तर त्याचे क्षेत्रफळही जवळपास तेच राहते, केवळ आकार बदलतो. लांबट ठसा आखूड आणि आडवा होतो. कोरड्या वळणावर त्याचा फायदा मिळतो, पण पाण्यात तोच आडवा ठसा अडचणीचा ठरतो.

एका रस्त्यावर उत्तम ठरलेला टायर दुसऱ्या रस्त्यावर दगा देऊ शकतो, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण भारतीयांच्या लक्षात राहिले आहे ते वेगळ्याच कारणाने. १९ जून २००५ रोजी इंडियानापोलिस येथील फॉर्म्युला वन शर्यतीत नारायण कार्तिकेयन चौथा आला आणि त्या स्पर्धेत गुण मिळविणारा पहिला भारतीय ठरला. त्या दिवशी प्रत्यक्ष शर्यतीत अवघ्या सहा मोटारी होत्या. तिथल्या उतरत्या, तिरप्या तेराव्या वळणावर सरावात मिशेलिनचे टायर निकामी झाले होते आणि त्या भारापुढे ते तग धरतील याची हमी देण्यास कंपनीने नकार दिला. परिणामी मिशेलिनचे टायर असलेल्या चौदा मोटारी पूर्वफेरीनंतर बाहेर पडल्या आणि ब्रिजस्टोनच्या टायरवर धावणारे तीन संघ उरले. मिशेलिनच्या टायरांनी त्याच हंगामात अन्य शर्यती जिंकल्या होत्या. तेव्हा प्रश्न टायरच्या दर्जाचा नव्हता, त्या एका वळणाचा होता.

टायरच्या बाजूवर कोरलेले आकडे वाचता आले, की निम्मे काम होते. '२२५/४५ आर १७ ९४ डब्ल्यू' या मजकुरात २२५ ही मिलिमीटरमधील रुंदी. ४५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ४५ टक्के, अर्थात सुमारे १०१ मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल आणि १७ हा रिमचा इंचांतील व्यास. ९४ हा भारांक असून असा एक टायर ६७० किलो वजन पेलतो. शेवटचे अक्षर वेगमर्यादेचे. 'एच' २१० किलोमीटरपर्यंत, 'व्ही' २४०, 'डब्ल्यू' २७० आणि 'वाय' ३००.

समृद्धी महामार्गावरसुद्धा मोटारींची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर असताना २७० चा टायर कशासाठी, असा प्रश्न येथे कोणीही विचारील. या अक्षरातून वेगापेक्षा उष्णतेबद्दलची माहिती अधिक मिळते. टायर फिरताना प्रत्येक क्षणी रस्त्याशी दबतो आणि सुटतो. या लवचिक हालचालीत रबर व त्यातील धाग्यांचे थर तापतात. वेग वाढला, वजन वाढले किंवा हवा कमी झाली, की ही उष्णता वाढत जाते. वरच्या अक्षराचा टायर ती उष्णता अधिक काळ सोसू शकतो. म्हणून मोटारीच्या पुस्तिकेत दिलेल्या अक्षरापेक्षा खालचे अक्षर आणि दिलेल्या भारांकापेक्षा कमी भारांक कधीही घेऊ नये. पाच माणसे आणि सामान घेऊन मे महिन्यात बीडहून निघणाऱ्या कुटुंबासाठी तर भारांक हा वेगाच्या अक्षराइतकाच महत्त्वाचा.

याच मुद्द्याशी मराठवाड्यात खोलवर रुजलेला एक गैरसमज निगडित आहे. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा चार-पाच पीएसआय कमी ठेवावी, असे जाणकार म्हणवणारेही सांगतात. तर्क वरवर पटण्याजोगा आहे. उष्णतेने हवा प्रसरण पावते आणि दाब दर दहा अंशांमागे सुमारे दीड पीएसआयने वाढतो. सकाळी ३२ असलेला दाब दुपारी ३७-३८ दिसू शकतो. परंतु पुस्तिकेतला आकडा थंड टायरचा असतो आणि ही वाढ गृहीत धरूनच टायर बनवलेला असतो. कमी हवेचा टायर अधिक दबतो, अधिक दबल्याने अधिक तापतो, आणि अखेर फुटतो तो त्या तापण्याने. दुपारी ढाब्यावर थांबून गरम टायरमधली हवा सोडणे हा तर संकटाला निमंत्रण देण्याचाच प्रकार. नायट्रोजनचा आग्रहही थोडा सबुरीने घ्यावा. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. कोरड्या नायट्रोजनमुळे ओलावा राहत नाही आणि दाब थोडा अधिक स्थिर राहतो, एवढाच लाभ. पंधरा दिवसांनी सकाळी थंड टायरचा दाब मोजण्याची सवय त्याहून मोलाची आहे.

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाल्यानंतर टायरचा प्रश्न घराघरांत चर्चेला आला. २०२३ मध्ये परिवहन विभागाने प्रवेशद्वारांवर टायरांची तपासणी सुरू केली आणि गोटा झालेल्या टायरांच्या गाड्या परत फिरवण्यात आल्या. अपघात झाला की दोष काँक्रीटला देण्याची प्रथाही तेव्हापासूनची. भर दुपारी काळे डांबर फिक्या काँक्रीटपेक्षा अधिक तापते, हे या चर्चेत कोणी लक्षात घेत नाही. फरक पडतो तो सलग वेगाचा. जुन्या रस्त्यावर दर पाच किलोमीटरला गाव, गतिरोधक किंवा रेल्वे फाटक येई आणि टायर निवत. इथे दोन-दोन तास तो अवसरच मिळत नाही. शिवाय प्रत्येक अपघात टायरच्या माथी मारणेही योग्य नाही. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ खासगी बसला आग लागून २५ प्रवासी मृत्युमुखी पडले, तेव्हा प्रथम टायर फुटल्याचे सांगण्यात आले. परिवहन विभागाच्या पाहणीत मात्र त्याचा पुरावा आढळला नाही.

उन्हाळा संपतो आणि खरी कसोटी सुरू होते ती पावसात. रस्त्यावरील पाण्याचा थर टायरच्या खाचांतून बाहेर फेकला गेला नाही, तर टायर पाण्यावर तरंगू लागतो. अशा वेळी स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही निरर्थक ठरतात. 'नासा'च्या अभियंत्यांनी १९६३ मध्ये विमानांच्या चाकांसाठी याचा एक ढोबळ हिशेब मांडला होता. त्यानुसार टायर कोणत्या वेगाला तरंगेल, हे त्यातील दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असते. पाणी खाचांच्या खोलीपेक्षा जास्त असेल, तर ३२ पीएसआयच्या टायरला हा वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो आणि २४ पीएसआयला ८२. म्हणजे उन्हाळ्यात कमी केलेली हवा जूनमध्ये भरायची राहून गेली, तर पालीच्या उतारावर ऐंशीचा वेगही धोक्याचा होऊ शकतो. खाचा झिजलेल्या टायरला तर थोडेसे पाणीही पुरते. कायद्याने मोटारीच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर खोली लागते. शक्तिशाली मोटारीच्या मालकाने तीन मिलिमीटरलाच टायर बदलण्याचा विचार सुरू करणे शहाणपणाचे.

हे ध्यानात घेतले, की निवडीचा मार्ग पुष्कळसा मोकळा होतो. उच्च क्षमतेच्या टायरांमध्ये एक वर्ग शर्यतीच्या मैदानासाठी असतो. मऊ रबर, उथळ आणि मोजक्या खाचा, कोरड्यात विलक्षण पकड. जाहिरातीत तो मोहक दिसतो, परंतु मराठवाड्याच्या पावसाळ्यात तो घरीच ठेवावा लागेल. रस्त्यासाठीच्या उन्हाळी टायरचा वर्ग येथे योग्य. त्याचे रबर उष्ण हवेसाठीच मिसळलेले असते, सिलिकामुळे ओल्यातही पकड टिकते आणि मध्यभागी पाणी वाहून नेणाऱ्या रुंद चऱ्या असतात. बर्फासाठीचे टायर येथे निरुपयोगी आहेत. युरोपीय लेबल उपलब्ध असेल तर ओल्या रस्त्यावरील पकडीचे अक्षर प्रथम पाहावे, आवाज आणि इंधनबचत नंतर. अमेरिकेतही विकल्या जाणाऱ्या टायरांवर झिजेचा एक आकडा असतो. तो मोठा तितका टायर टिकाऊ. पण हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना त्यावरून करण्यात अर्थ नाही.

रिम मोठे करण्याची हौस येथे अनेकांना महागात पडते. २२५/४५ आर १७ च्या जागी २२५/४० आर १८ बसवला, तर चाकाची एकूण उंची जवळपास तीच राहते, पण बाजूची उंची १०१ वरून ९० मिलिमीटरवर येते. वळणावर मोटार चपळ वाटते, खड्ड्यात मात्र टायर थेट रिमवर आपटतो. मग बाजूला फुगा येतो. फुगा म्हणजे आतील धागे तुटल्याची खूण. त्यावर दुरुस्ती नाही, टायर बदलणे हाच उपाय. ज्याचा रोजचा प्रवास महामार्ग सोडून आतल्या गावापर्यंत जातो, त्याने कंपनीने दिलेल्या पर्यायांपैकी लहान रिमच ठेवावे. दिसण्यात उणेपणा वाटेल, पण दर पावसाळ्यानंतर नवे रिम शोधण्याची पाळी येणार नाही.

खऱ्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत निवडीला आणखी मर्यादा आहेत. पोर्शे ९११ सारख्या मोटारीचे मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात, त्यामुळे पुढचे-मागचे अदलाबदल करून झीज समान करता येत नाही. काही टायरांवर मोटार कंपनीची स्वतंत्र खूण असते. बीएमडब्ल्यूसाठी तारा, पोर्शेसाठी 'एन'. एकाच धुरीवर दोन वेगळ्या जातींचे टायर चढवणे टाळावे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात मुक्त वर्गातून काढून परवान्याच्या कक्षेत आणली. वाळूजला गुडइयरचा, चाकणला ब्रिजस्टोनचा कारखाना महाराष्ट्रातच असला, तरी मोठ्या रिमचे दुर्मीळ आकार इथे बनतातच असे नाही. अशा वेळी दुकानदाराकडे शिल्लक असलेला टायर गळ्यात पडण्याची शक्यता असते. त्यासाठी बाजूवरील चार आकडे पाहावेत. '१४२३' म्हणजे २०२३ सालचा चौदावा आठवडा. रबर न वापरताही कडक होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात अभिनेता पॉल वॉकर ज्या मोटारीत मृत्युमुखी पडला, ती पोर्शे कॅरेरा जीटी नऊ वर्षे जुन्या टायरांवर धावत होती. तपासात अपघाताचे कारण अतिवेग ठरले, तथापि जुन्या टायरांचा उल्लेखही त्यात आला.

राहता राहिला स्टेपनीचा प्रश्न. अनेक स्पोर्ट्स कारमध्ये ती नसतेच. त्याऐवजी द्रव भरण्याचा संच किंवा पंक्चर झाल्यावरही ताशी ८० च्या वेगाने सुमारे ८० किलोमीटर जाऊ शकणारे रन-फ्लॅट टायर असतात. रन-फ्लॅटची बाजू जाड आणि ताठर असते, खड्ड्यांत ते अंगाला जाणवतात. परंतु रात्री घाटात चाक बदलत बसण्याची वेळ टळते, आणि समोरून उसाच्या ट्रॉल्या येत असताना ही सोय लहान नाही. द्रवाचा संच खिळ्याच्या छिद्राला पुरतो, बाजू फाटली तर त्याचा उपयोग नाही. महामार्गावरील पंक्चरच्या दुकानांत हात सरावलेला असतो तो मालमोटारींच्या चाकांना. तिथे लोखंडी पट्टीने उचकटून काढलेला बुटक्या बाजूचा टायर आणि मिश्रधातूचे रिम दोन्ही जायबंदी होतात. छिद्र रस्त्याला टेकणाऱ्या भागात असेल, तर टायर रिमवरून न काढता बाहेरून स्ट्रिप भरून घ्यावी आणि संथ गतीने बीड गाठावे. बाजूलाच चीर असेल तर मोटार ओढून न नेता सपाट फळीच्या गाडीवर चढवूनच न्यावी लागते. ती बोलावण्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक घाट सुरू होण्यापूर्वीच जवळ असलेला बरा.