जखम शरीराची, यादी जागेची

अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये ३२ संघ आहेत आणि प्रत्येकाच्या मुख्य यादीत जागा फक्त ५३ खेळाडूंना. दर आठवड्याला कुणाचा तरी गुडघा नाही तर खांदा निकामी करणाऱ्या खेळाला हा आकडा तोकडाच. म्हणून ‘इंज्युर्ड रिझर्व्ह’ ही वेगळी यादी आहे. जायबंदी खेळाडूचं नाव तिकडे गेलं की ५३मधली त्याची जागा मोकळी होते. त्याचा पगार मात्र संघाच्या वेतनमर्यादेत धरला जातोच, आणि त्याला किमान ४ सामने बाहेर बसावं लागतं. नावाला दवाखान्याचा वास असला, तरी ही यादी मुळात कारकुनी आहे. नियम कसे बदलत गेले ते पाहावं: २०१२च्या आधी हंगामात तिथे नाव गेलं की त्या वर्षापुरता खेळ संपला, दुखणं दोन महिन्यांत बरं होणारं असलं तरी. २०१२मध्ये एकाला परतीची मुभा मिळाली, २०१७मध्ये दोघांना. २०२०च्या करोना हंगामात कितीही जणांना, तेही ३ सामन्यांनंतर. २०२२मध्ये ३चे ४ झाले आणि परतणाऱ्यांवर ८ची मर्यादा आली. तेवढ्यात माणसाचे स्नायू सावकाश सांधायला लागले होते, असं काही नाही.

म्हणून ४ सामन्यांची अट काढावी. यावर आक्षेप असा की ती काढली तर संघ धडधाकट नवख्यांना खोट्या दुखण्याखाली दडवून ठेवतील. भीती खरी आहे. पण वर्षभर दडवणाऱ्याला ४ सामन्यांची अट काय अडवणार? अधूनमधून आत-बाहेर करणाऱ्याला ८ची मर्यादा अडवतेच. अट खरी नडते ती दोन-तीन आठवड्यांत बरा होणाऱ्याला. चार सामने गमवायला नकोत म्हणून संघ त्याला ५३मध्येच ठेवतो, आणि अडलेली जागा पाहून अर्धवट बऱ्या खेळाडूला मैदानात उतरवण्याचा मोह होतो. घड्याळ परतताना पुन्हा आडवं येतं: सराव सुरू केल्यापासून २१ दिवसांत मुख्य यादीत घ्या, नाहीतर त्याचा हंगाम संपला. जेट्स संघाचा क्वार्टरबॅक अॅरन रॉजर्स ११ सप्टेंबर २०२३ला पहिल्याच सामन्यात अकिलिस टेंडन तुटून बाहेर गेला. नोव्हेंबरअखेर त्याने सराव सुरू केला आणि डिसेंबरात, संघ प्लेऑफच्या शर्यतीतून बाद झालेला असताना, सराव चालू राहावा म्हणून ५३मधली एक जागा त्याला द्यावी लागली. त्या हंगामात तो पुन्हा खेळला नाही. ८ची मर्यादा राहू द्यावी. ४ सामन्यांची अट आणि २१ दिवसांचं घड्याळ, दोन्ही काढून टाकावीत.